पडदा मुलाच्या नावावर हवा, गुन्ह्यावर नको

‘घरातली गोष्ट आहे, घरातच मिटवू. बाहेर गेली तर खानदानाची इज्जत जाईल, पोरीचे लग्न व्हायचे नाही.’ लहान मुलावर किंवा मुलीवर जवळच्याच नातेवाइकाने लैंगिक अत्याचार केल्याचे समोर येते, तेव्हा वडीलधाऱ्यांच्या तोंडून बहुधा असेच काही निघते. बोलणाऱ्याची नियत वाईट असतेच असे नाही. पण या बोलण्यामुळे मूल एकटे पडते आणि अत्याचार करणारा त्याच घरात, त्याच दस्तरखानावर बसत राहतो.

विषय अवघड आहे, पण टाळण्यासारखा नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील बारा हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील निम्म्याहून जास्त मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले, आणि त्यांत मुलांचे प्रमाण मुलींपेक्षा किंचित जास्तच होते. पोलिसांत नोंदल्या जाणाऱ्या गंभीर प्रकरणांमध्येही दरवर्षी नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीचेच निघतात. आपण मुलींना गैर-महरमपासून जपतो, रस्त्यावरच्या अनोळखी माणसापासून सावध करतो. पण चाचा, मामू, खालू, सावत्र वडील किंवा मोठा चुलतभाऊ यांच्याबद्दल कोणी शंका घेत नाही. आणि ‘मुलगा आहे, त्याला काय होणार’ म्हणून मुलग्यांकडे तर लक्षच जात नाही.

कायदा नात्याकडे कसा पाहतो

मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, ज्याला सगळे ‘पॉक्सो’ म्हणतात, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलामुलीसाठी तो आहे, धर्म कोणताही असो. मुलाची ‘संमती’ होती, हा बचाव या कायद्यात चालत नाही.

आपण नात्यामुळे गप्प बसतो, कायदा मात्र नात्यामुळे गुन्हा अधिक गंभीर मानतो. आरोपी रक्ताचा, लग्नामुळे झालेला किंवा दत्तक नातेवाईक असेल, अथवा त्याच घरात राहत असेल, तर शिक्षा वाढते. अशा माणसाने केलेल्या बलात्काराच्या स्वरूपाच्या गुन्ह्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २० वर्षे सक्तमजुरी आहे. लैंगिक हेतूने केलेल्या स्पर्शासाठी पाच ते सात वर्षे कैद आहे. ‘कपड्यांवरूनच तर हात लावला’ ही सबबही चालत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्वचेचा थेट स्पर्श हवा असा निकाल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो नोव्हेंबर २०२१ मध्ये रद्द केला.

कळवणे ही मर्जीची बाब नाही

असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले, त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. पॉक्सोच्या कलम १९ ने ही जबाबदारी प्रत्येकावर टाकली आहे. अम्मी, दादी, शेजारी, डॉक्टर, शाळेतील शिक्षक, मदरशातील मुअल्लिम यांतून कोणीही सुटत नाही. माहिती दडवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला, तर एक वर्षापर्यंत. मात्र हा नियम मुलाला लागू नाही. मूल उशिरा बोलले म्हणून त्याला कोणी दोषी ठरवत नाही. आणि प्रामाणिक हेतूने माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही.

म्हणून जमातीच्या बैठकीत माफीनामा लिहून घेणे, चार मोठ्यांसमोर ‘पुन्हा करणार नाही’ असे वदवून घेणे, याला कायद्यात काहीही किंमत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजस्थानातील एका प्रकरणात मुलीच्या वडिलांनी आरोपीशी समझोता केला आणि उच्च न्यायालयाने गुन्हा रद्दही केला. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. अशा गुन्ह्याचा समझोता हा दोन पक्षांचा खासगी मामला नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

तक्रार केल्यावर काय होते

पोलीस ठाण्याच्या भीतीनेच अनेक माता मागे फिरतात. म्हणून पुढचा रस्ता नीट समजून घेऊ. समजा, सातवीतल्या एका मुलीने अम्मीला सांगितले की घरात राहणारा मामू तिला त्रास देतो. अम्मी तोंडीही तक्रार देऊ शकते. पोलिसांनी ती लिहून, वाचून दाखवायची असते, आणि एफआयआरची प्रत मोफत द्यायची असते.

मुलीला पोलीस ठाण्यात नेण्याची गरज नाही. तिचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या ठिकाणी घेतला जातो, शक्यतो महिला उपनिरीक्षकाकडून, आणि त्या वेळी पोलीस गणवेशात नसतात. अम्मी किंवा मुलीचा विश्वास असलेली दुसरी व्यक्ती जवळ बसू शकते. मुलगी उर्दूतच मोकळी बोलत असेल, तर दुभाषा मागता येतो. मुलाला कोणत्याही कारणाने रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करते, आणि तातडीचे उपचार देण्यासाठी डॉक्टरांनी आधी पोलिसांचा कागद मागायचा नसतो.

न्यायालयातही सुनावणी बंद खोलीत होते. मुलीला मामूसमोर उभे करत नाहीत. पडदा किंवा व्हिडिओची सोय केली जाते. आरोपीचा वकील तिला थेट प्रश्न विचारत नाही. तो प्रश्न न्यायाधीशांना देतो आणि न्यायाधीश तिला विचारतात. तिचे नाव, पत्ता, शाळा, फोटो, काहीही छापणे किंवा पसरवणे गुन्हा आहे. आपल्याला ज्या बदनामीची धास्ती वाटते, तिचा विचार कायद्याने आधीच केलेला आहे.

वकील, सोबती आणि मदत

खटला सरकारी वकील चालवतो. पण मुलाला आपला वेगळा वकीलही ठेवता येतो, आणि ऐपत नसेल तर तो विधी सेवा प्राधिकरणाने द्यायचा असतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रिया आणि मुले मोफत वकिलाला पात्र आहेत. उत्पन्नाची अट त्यांना नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयात, तर तालुका समिती तालुक्याच्या न्यायालयात असते. एक साधा अर्ज पुरतो.

दुसरी मदत फार कमी लोकांना ठाऊक आहे. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांनुसार बालकल्याण समिती मुलासाठी एक साहाय्यक व्यक्ती नेमते. तपासापासून निकालापर्यंत ही व्यक्ती मुलाबरोबर असते. न्यायालयात काय होणार हे ती मुलाला समजावते, आरोपीच्या जामीन अर्जाची माहिती कुटुंबाला देते, समुपदेशकाकडे नेते. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचे महत्त्व ठासून सांगितले. कोणी आपणहून सांगितले नाही, तर ‘आम्हाला साहाय्यक व्यक्ती हवी’ असे समितीकडे स्पष्ट मागा.

विशेष न्यायालय निकालाची वाट न पाहता अंतरिम भरपाईही देऊ शकते. महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. तिचा अर्जही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेच जातो.

घर कोणी सोडायचे?

मुलीला नानीकडे पाठवायचे आणि मामू घरातच, हा आपल्याकडचा नेहमीचा तोडगा. मुलगी शाळेला मुकते, मैत्रिणींना मुकते; जणू गुन्हा तिनेच केला. आरोपी त्याच घरात राहत असेल, तर पोलिसांनी मुलाला २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यायचे असते. मुलाला कुटुंबापासून दूर ठेवण्याची गरज आहे का, हे समिती तीन दिवसांत ठरवते आणि मुलाचे मतही विचारते. सोबत आई २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकते. त्या आदेशाने पुरुष आरोपीला घराबाहेर काढता येते आणि मुलांचा ताबा आईला मिळू शकतो. कमावता माणूसच आरोपी असेल, तर खर्चासाठी पैसेही मागता येतात. आईच्या तोंडाला कुलूप लावणारी खरी भीती बहुधा चुलीचीच असते, म्हणून हा कायदा तिला माहीत असायला हवा.

रस्ता सोपा नाही. वर्षभरात खटला संपवावा असे कायदा म्हणतो, प्रत्यक्षात तो लांबतो. मधल्या काळात दादी रडते, चाचा बोलणे टाकतात आणि ‘बयान बदल’ म्हणून मुलीमागे तगादा लागतो. खटले अनेकदा इथेच ढासळतात. म्हणून पहिल्या आठवड्यातच वकील आणि साहाय्यक व्यक्ती मिळवणे महत्त्वाचे.

दीनच्या नावाने गप्प बसवणे

दोन गोष्टी आपल्या घरांत हमखास ऐकू येतात. पहिली, ‘चार साक्षीदार कुठे आहेत?’ ती अट व्यभिचाराच्या आरोपासाठी आहे, जुल्म झालेल्या लेकराचे तोंड बंद करण्यासाठी नव्हे. भारतीय न्यायालयात तर मुलाची विश्वासार्ह साक्ष एकटीही पुरेशी ठरू शकते. दुसरी, ‘ऐब झाका, पर्दापोशी करा.’ माणसाच्या खासगी चुकीवर पडदा टाकणे वेगळे आणि दुसऱ्याचा हक्क तुडवणाऱ्या जालिमला लपवणे वेगळे. सूरह निसाच्या १३५ व्या आयतीत न्यायाची साक्ष आईवडिलांविरुद्ध आणि नातेवाइकांविरुद्ध जात असली तरी देण्याची ताकीद आहे. औलाद ही अल्लाहची अमानत आहे, असे आपण लग्नाच्या खुतब्यापासून अकीक्यापर्यंत ऐकतो. अमानतीची राखण गप्प बसून होत नाही.

मूल बोलले तर आधी ऐका. ‘तू खरे बोलतोस, यात तुझी काहीच चूक नाही’ हे त्याला लगेच सांगा. उलटतपासणी करू नका, आरोपीसमोर उभे करू नका, घटना नुकतीच घडली असेल तर कपडे धुऊ नका. मग १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर किंवा ११२ वर फोन करा. मोफत वकिलासाठी १५१०० आहे. हे तीन आकडे आज फ्रिजच्या दारावर लिहून ठेवा आणि मुलांनाही पाठ करवून घ्या. अल्लाह करो, कोणत्याही घराला त्यांची गरज न पडो.