वहिनींचे ‘भावोजी’ : पैठणीच्या खेळाने आदेश बांदेकरांना काय दिले?

करमाड असो की मुंबईतली एखादी चाळ, टीव्हीवर आदेश बांदेकर दिसले की अनेक घरांत पहिला शब्द येतो तो ‘भावोजी’. अभिनेता, सूत्रसंचालक, उमेदवार, देवस्थानाचे अध्यक्ष अशा भूमिका त्यांनी केल्या. पण लोकांच्या तोंडी राहिले ते हे नाते. ते कसे जुळले?

सुरुवात कुठून झाली?
दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवरील ‘ताक धिना धिन’ या संगीतावरच्या खेळामुळे बांदेकर ओळखीचे झाले. 13 सप्टेंबर 2004 रोजी ‘होम मिनिस्टर’ सुरू झाला. तेव्हाची अल्फा मराठी हीच आजची झी मराठी.

वेगळे काय होते?
‘कौन बनेगा करोडपती’त स्पर्धक स्टुडिओत जातो आणि सामान्य ज्ञानावर पैसे जिंकतो. इथे सूत्रसंचालकच घरी यायचा. उखाणे, सोपे खेळ आणि गप्पा. लग्न कसे जमले, सासूबाईंशी कसे पटते, नवरा घरात काय मदत करतो, हे प्रश्न कॅमेऱ्यासमोर विचारले जात. दिवसभर राबूनही जिचे काम ‘काम’ म्हणून मोजले जात नाही, ती गृहिणी अर्धा तास तरी मुख्य पाहुणी होई. तिला ‘वहिनी’ म्हटल्यामुळे बांदेकर आपोआप ‘भावोजी’ झाले आणि अनोळखी माणसाशी बोलण्याचा संकोच गेला.

आपल्या जिल्ह्याशी नाते काय?
बक्षिसाची पैठणी मूळची पैठणची, म्हणजे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलीच. आज तिचे मोठे केंद्र नाशिक जिल्ह्यातील येवला आहे. हातमागावर अस्सल पैठणी विणायला कित्येक आठवडे, बारीक नक्षी असेल तर महिनेही लागतात. तिच्या पदराची नक्षी उलट बाजूनेही जवळपास तशीच दिसते. खरी पैठणी ओळखण्याची ही एक खूण. कार्यक्रमाच्या शीर्षकगीतातली दार उघडण्याची हाकही पैठणच्याच संत एकनाथांच्या भारुडाची आठवण करून देते.

लोकप्रियतेची मते झाली का?
नाही. 2009 मध्ये शिवसेनेने त्यांना माहीम विधानसभा मतदारसंघातून उमेदवारी दिली. मनसेचे नितीन सरदेसाई निवडून आले, बांदेकर हरले. घराचे दार उघडणाऱ्या माणसाला मतही मिळेलच असे नाही, हे त्या निकालाने दाखवले. 2017 मध्ये ते मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिर न्यासाचे अध्यक्ष झाले.

पुढे काय झाले?
2020 च्या टाळेबंदीत कोणाच्या घरी जाणे शक्य नव्हते, तेव्हा कार्यक्रम व्हिडिओ कॉलवरून झाला. 2022 मध्ये ‘महामिनिस्टर’ या पर्वात 11 लाख रुपयांची पैठणी ठेवली गेली. त्याच वर्षी स्टार प्रवाहवर ‘ठरलं तर मग’ ही मालिका सुरू झाली. ती बांदेकर कुटुंबाच्या सोहम प्रॉडक्शन्सची.

मग यातून उरते काय?
एका पैठणीने घरकामाची वाटणी बदलत नाही, आणि ‘मिनिस्टर’ म्हटल्याने घरातले निर्णय बाईच्या हाती येत नाहीत. पण तिचे म्हणणे नवरा आणि सासूसमोर, सगळ्या गावाला ऐकू जाईल असे विचारले गेले. बांदेकरांची खरी कमाई तीच : बोलण्यापेक्षा तिला बोलू देणे.