एका गोळीत दोन औषधे आणि बीपी अचानक खाली: काय समजावे, काय करावे

वर्षानुवर्षे वरचे बीपी दीडशे-एकशे साठ असणाऱ्या माणसाला डॉक्टर गोळी बदलून देतात. नव्या गोळीत दोन औषधे एकत्र असतात. दोन-तीन आठवड्यांनी घरच्या यंत्रावर १०४/६२ दिसते आणि घरात घबराट उडते. कुणी म्हणते गोळी बंद करा, कुणी मिठाचे पाणी आणून देते. खरे तर अशा वेळी गोळी फेकण्याआधी चार गोष्टी तपासायच्या असतात. कागल आणि आसपासच्या गावांतल्या घरांसाठी त्या इथे क्रमाने मांडल्या आहेत.

दोन औषधे एकत्र का देतात?

बीपी वाढण्यामागे एकच कारण नसते. रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, मूत्रपिंडे मीठ-पाणी धरून ठेवतात, शरीरातली काही संप्रेरकेही दाब वाढवतात. अ‍ॅम्लोडिपिन वाहिन्यांचे स्नायू सैल करते, टेल्मिसार्टन त्यांतल्या एका संप्रेरकाचा परिणाम रोखते, तर क्लोरथॅलिडोन जादा मीठ-पाणी लघवीवाटे बाहेर काढते.

एकाच औषधाचा डोस दुप्पट केला तर फायदा थोडाच वाढतो आणि त्रास मात्र वाढतो. दोन वेगळ्या औषधांचे छोटे डोस एकत्र दिले तर बीपी जास्त उतरते. अ‍ॅम्लोडिपिनने येणारी पायांची सूजही टेल्मिसार्टन जोडीला असल्यास कमी राहते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये अशा जोडगोळ्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतल्या. भारतात ३२ रुग्णालयांत १९८१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात जोडगोळीच्या तीन प्रकारांची तुलना झाली. तिन्ही जवळपास सारखेच गुणकारी ठरले आणि सुमारे सत्तर टक्के रुग्णांचे बीपी १४०/९० च्या खाली आले. तेव्हा जोडगोळी दिली म्हणजे आजार हाताबाहेर गेला, असे मुळीच नाही.

‘लो’ म्हणजे नेमके किती?

साधारणपणे ९०/६० च्या खालचे बीपी कमी मानतात. पण आकड्याइतकीच माणसाची अवस्था महत्त्वाची. ११०/७० असून माणूस शेतावर जाऊन येतो, जेवतो, नीट झोपतो, तर औषध आपले काम करते आहे. १०४/६२ असून काही त्रास नसेल तर घाबरायचे कारण नाही, पण डॉक्टरांना कळवावे. उलट वरचा आकडा ११८ असूनही उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तोल जात असेल, तर त्याची दखल घ्यायलाच हवी.

जास्त दाबाची सवय झालेल्या शरीराला नेहमीचा दाबही सुरुवातीला कमी वाटतो. पहिले काही आठवडे गळून गेल्यासारखे होते, डोके हलके वाटते. बहुतेकांचा हा त्रास हळूहळू जातो.

परिणाम उशिरा का दिसतो?

अ‍ॅम्लोडिपिन शरीरात साठत जाऊन साधारण आठवड्याने स्थिर होते. टेल्मिसार्टनचा पुरा परिणाम दिसायला चार आठवडेही लागतात. म्हणून पहिल्या आठवड्यात ठीक असलेले बीपी तिसऱ्या आठवड्यात आणखी उतरू शकते. याच कारणाने आज गोळी चुकवली म्हणून बीपी संध्याकाळपर्यंत वर येत नाही. आज घेतली, उद्या नाही, परवा दोन, असे केल्याने आकडे नुसते वर-खाली होत राहतात आणि डॉक्टरांनाही अंदाज येत नाही. काही औषधे, विशेषतः क्लोनिडिन आणि मेटोप्रोलोलच्या गटातली, एकदम बंद केली तर बीपी उसळते किंवा हृदयाला त्रास होऊ शकतो.

आधी पाकीट वाचा

हे सर्वांत महत्त्वाचे, कारण ही चूक सहज होते. कागलमधून महामार्गाने एका बाजूला कोल्हापूर, दुसऱ्या बाजूला निपाणी. माणसे दोन्हीकडच्या डॉक्टरांना दाखवतात आणि सरकारी दवाखान्यातूनही गोळ्या आणतात. समजा, मुरगूडच्या एखाद्या काकूंना सरकारी दवाखान्यातून अ‍ॅम्लोडिपिन ५ मिळते. पुढे कोल्हापूरच्या डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ ची जोडगोळी लिहून दिली. जुनी गोळी बंद करायची हे कुणी सांगितले नाही, तर काकू दोन्ही घेत राहतात. अ‍ॅम्लोडिपिन रोज १० मिलिग्रॅम पोटात जाते, आणि वर टेल्मिसार्टनही.

दोन पाकिटांचा रंग वेगळा, नाव वेगळे, म्हणून औषधही वेगळे असे समजू नका. मोठ्या नावापुढची अक्षरे पाहा. ‘एएम’ म्हणजे बहुधा अ‍ॅम्लोडिपिन, ‘एच’ म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, ‘सीटी’ म्हणजे क्लोरथॅलिडोन. कंपनीगणिक ही अक्षरे बदलतात, म्हणून मागे बारीक अक्षरांत छापलेली घटकद्रव्ये औषध दुकानदाराकडून वाचून घ्यावीत. प्रोस्टेटसाठीची टॅम्सुलोसिनसारखी गोळी, छातीच्या दुखण्यावरच्या नायट्रेटच्या गोळ्या, डॅपाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहाची गोळी यांनीही बीपी आणखी उतरते. त्याही लक्षात घ्या.

ऊन, उपवास आणि जुलाब

थंडीत बीपी थोडे चढे असते, उन्हाळ्यात उतरते. ऊसतोडीच्या हंगामात बेताचा बसलेला डोस एप्रिल-मेच्या उन्हात जास्त ठरू शकतो. शेतात किंवा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत भट्टीजवळ घाम गाळणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. निर्जळी एकादशी आणि रमजानचे रोजे यांच्या काळात गोळीची वेळ काय ठेवायची, हे आधीच विचारून घ्यावे.

जुलाब-उलट्या होत असताना टेल्मिसार्टन आणि लघवीवाटे पाणी काढणारी गोळी चालू राहिली तर बीपी कोसळू शकते, मूत्रपिंडांवरही ताण येतो. त्यातच अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळी घेतली तर धोका आणखी वाढतो. अशा दिवशी कोणती गोळी थांबवायची, हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या.

यंत्राचा आकडा बरोबर आहे ना?

मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला हवा. हात वर धरला किंवा पट्टा दंडाला फार मोठा झाला तर आकडा खोटाच कमी येतो. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळी गोळी व न्याहारीच्या आधी आणि संध्याकाळी जेवणाआधी, असे सात दिवस लिहून ठेवा.

उठल्यावर अंधारी येत असेल तर आधी बसून मोजा, मग उभे राहून एक आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने पडला तर ते नक्की सांगा. साठीपुढच्या माणसांत पहाटे लघवीला उठताना तोल जाऊन खुब्याचे हाड मोडण्याची भीती असते. त्यांनी अंथरुणात आधी थोडे बसावे, मग आधार घेऊन उठावे.

त्या क्षणी काय करावे?

चक्कर येत असेल तर लगेच आडवे व्हा, पाय उशीवर ठेवा. शुद्ध असेल आणि गिळता येत असेल तर पाणी घ्या. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मिठाचे पाणी मनाने पिऊ नये. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा ९० च्या खालीच राहिला तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. शुद्ध हरपली, छातीत दुखले, धाप लागली, बोलणे अडखळले, काळे शौच झाले किंवा लघवी फारच कमी झाली तर वाट न पाहता १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा.

डॉक्टरांकडे काय न्याल?

घरातली सगळी पाकिटे एका पिशवीत, सात दिवसांचे आकडे, आणि त्रास कोणत्या वेळी होतो याची नोंद. एवढे समोर असेल तर डॉक्टर डोस निम्मा करू शकतात, एक औषध कमी करू शकतात, वेळ बदलू शकतात किंवा रक्तातील सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासायला सांगू शकतात. गरज नेमका डोस शोधायची असते, उपचार सोडायची नव्हे. गोळी सोडून दिली की बीपी पुन्हा चढते, आणि पक्षाघात होईपर्यंत ते अनेकदा कळतही नाही. म्हणून आकडा कमी दिसला तर गप्प बसू नका, गोळीही मनाने बंद करू नका. पाकिटे आणि वही घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा.