समुद्राची परीक्षा प्रकाशाच्या पांढरीत

‘एज ऑफ एम्पायर्स २’ या गेममध्ये नवी संस्कृती जाहीर झाली की खेळाडू तिचा निकाल दहा मिनिटांत लावून मोकळे होतात. एप्रिल २०२२मध्ये ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ या विस्तारातून द्रविडियन्स आले, तेव्हा त्यांचं प्रगतिपुस्तक असं होतं: आरमार तगडं, ‘तिरिसडै’ नावाचं दांडगं जहाज फक्त त्यांच्याकडे, प्रत्येक गोदीमागे पाच जास्तीच्या माणसांची सोय, नव्या युगात पाऊल टाकताच २०० लाकूड फुकट. घोडदळ मात्र लंगडं. म्हणजे पाण्याच्या नकाशावर घ्या, कोरड्या नकाशावर सोडा.

खेळापुरतं हे ठीक. पण खरीखुरी दर्यावर्दी संस्कृती ओळखायची पुरातत्त्वाची रीत बरीचशी उलटी आहे आणि ती पाहायला नंदुरबार जिल्हा फार सोयीचा. समुद्र इथून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास!

जहाजं पाहून निकाल देता येत नाही, कारण जहाजं उरतच नाहीत. उष्ण समुद्रात लाकूड पोखरणारे जीव बुडालेलं गलबत फस्त करतात. राजेंद्र चोळाने १०२५च्या सुमारास श्रीविजयावर आरमार धाडलं, हे आपल्याला कळतं ते तंजावरच्या शिलालेखातून. त्या आरमाराचं एखादं जहाज वर काढून नव्हे. गोद्यांचीही तीच कथा. लोथलचं सव्वादोनशे मीटरांच्या आतबाहेर लांबीचं विटांचं कुंड एस. आर. राव यांनी गोदी ठरवलं, तर लॉरेन्स लेश्निक यांनी १९६८मध्ये तो साठवणीचा तलाव आहे असं मांडलं. २०२४मध्ये गांधीनगरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी उपग्रहचित्रांतून साबरमतीचं जुनं पात्र लोथलला लागून दाखवलं आणि गोदीच्या बाजूचं पारडं जड झालं. एका हौदावर इतकी वर्षं वाद चालतो, तिथे बाकी संस्कृतींचं काय बोलावं!

म्हणून शोध घ्यायचा तो आतल्या मुलखात. बंदर नुसतं जहाजांवर जगत नाही. त्याच्या पाठीशी माल पुरवणारा आणि उचलणारा मुलूख लागतो. तो जितका खोल, तितका समुद्राशी व्यवहार मुरलेला.

शहादा तालुक्यात तापी आणि गोमाईच्या संगमावर प्रकाशा आहे. दक्षिणकाशी म्हणून लोक येतात. गावाच्या पांढरीच्या टेकाडाकडे फारसं कुणी वळत नाही. १९५५मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी ते खणलं. तळाशी ताम्रपाषाण काळ. त्यातल्या खालच्या थरात माळव्याची रंगीत भांडी, वरच्या थरात आपली जोर्वे भांडी आणि त्यांच्यासोबत लालभडक, चकाकत्या पृष्ठभागाची खापरं. ही चकाकती भांडी ओळखीची झाली ती सौराष्ट्राच्या वेशीवरच्या रंगपूरमुळे. म्हणजे हडप्पाची नगरं ओसरल्यावरही गुजरातच्या किनारी जगाचा हात तापीकाठी पोचत होता.

इथे घाई नको. खापर आलं म्हणजे भांडं आलं, की नुसती कुंभाराची रीत आली? याचं उत्तर भूविज्ञान देतं. खापराचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप करून ध्रुवित प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली धरला की मातीतले खनिजकण आपलं मूळ सांगतात. तापीच्या खोऱ्यात अडचण अशी, की खानदेश बेसाल्टवर बसलाय आणि सौराष्ट्राचा मोठा भागही बेसाल्टच. दोन्हीकडची माती एकाच वळणाची! मग दशलक्षांत काही कण इतक्या अल्प प्रमाणातली मूलद्रव्यं मोजून दोन मात्या वेगळ्या कराव्या लागतात.

दगडाचा पुरावा याहून बोलका. नर्मदा अक्राणी-अक्कलकुव्याची उत्तर सीमा आखत गुजरातेत उतरते. तिच्याच काठच्या मुलखात, राजपिपळ्याच्या डोंगररांगेत, रतनपूरच्या अकीकाच्या खाणी आहेत. खाणीतून निघालेला दगड पिवळट-तपकिरी असतो. मंद आचेवर भाजला की त्यातल्या लोहसंयुगातलं पाणी उडतं, हेमॅटाइट तयार होतं आणि दगड तांबडा होतो. त्याला भोक पाडायला हडप्पाच्या कारागिरांनी ‘अर्नेस्टाइट’ या विलक्षण कठीण दगडाचे सामते वापरले. तरीही प्रयोगांत वेग भरला तासाला जेमतेम अडीच मिलिमीटर. सहा सेंटिमीटरच्या मण्याला नुसत्या भोकाचे चोवीस तास! असे हडप्पा घडणीचे मणी इराकमधल्या ऊरच्या राजघराण्याच्या थडग्यांत, इसवी सनापूर्वी २५००च्या आगेमागे पुरलेल्या माणसांच्या अंगावर सापडले. गेमने अशा मण्याला काही गुण ठेवलेले नाहीत.

लाकडाचं मात्र गेमवाल्यांना अचूक सुचलंय, आणि माझ्या मते द्रविडियन्सची तीच सर्वांत शहाणी तरतूद आहे. आरमार आधी जंगलात उभं राहतं. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके या रोमनकालीन बंदरात भिंतींमध्ये भारतीय सागवान निघालं. मोडीत काढलेल्या जहाजांच्या फळ्या तिथे बांधकामाला लावल्या असाव्यात, असा उत्खननकर्त्यांचा निष्कर्ष. आणि नवापूरला खेटून असलेल्या डांगचं सागवान इंग्रजांना जहाजांसाठी इतकं हवं होतं, की १८४०च्या दशकात त्यांनी तिथल्या भिल राजांकडून जंगलंच भाडेपट्ट्याने घेतली. ते २०० लाकूड कुणाच्या तरी डोंगरातून येतं. गेममध्ये ते आकाशातून पडतं, एवढाच फरक.

खटकतं ते दुसरंच. या गेममध्ये व्यापारी गाडी एका बाजारातून दुसऱ्या बाजारात जाते आणि व्यापारी जहाज एका गोदीतून दुसऱ्या गोदीत. दोघांची कधी गाठच पडत नाही. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’चा ग्रीक लेखक सांगतो, की भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, तिथून तेर आणखी दहा दिवसांवर, आणि दोन्हीकडचा माल गाड्यांवर लादून, वाट धड नसलेल्या मुलखातून भडोचला येतो. खंबातच्या आखातातली भरती-ओहोटी इतकी दगाबाज, की राजाचे कोळी होड्या घेऊन बाहेर जात आणि परदेशी जहाजं ओढत आत आणत. आतून गाडी, बाहेरून जहाज आणि मध्ये भडोचचा धक्का. गेमच्या पुढच्या विस्तारात गाडीला गोदीपर्यंत जाऊ दिलं, तर कोरड्या नकाशावरही द्रविडियन्स घ्यावेसे वाटतील.