फॉर्मॅट मारल्यावर डिस्कवर काय उरतं?

कॉम्प्युटर हँग होऊ लागला, सुरू व्हायलाच पाच-दहा मिनिटं घेऊ लागला, मधूनच निळा पडदा दाखवू लागला, की दुरुस्तीच्या दुकानात, मध्य प्रदेशात धारला काय नि देवासला काय, एकच उपाय ऐकू येतो: फॉर्मॅट मारून विंडोज नव्यानं टाकावं लागेल. मग क्विक फॉर्मॅटचं बटण दाबलं जातं आणि १ टेराबाइटची डिस्क काही सेकंदांत रिकामी दिसू लागते. अशी डिस्क सेकंदाला साधारण १५० मेगाबाइट लिहिते. त्या वेगानं ती खरोखर टोकापासून टोकापर्यंत पुसायची तर जवळपास दोन तास लागतील. मग त्या काही सेकंदांत पुसलं काय गेलं?

लिहिलं कसं जातं हे आधी पाहू. धारमध्ये लाट मशिदीपाशी लोखंडाच्या एका अवाढव्य स्तंभाचे तीन तुकडे ठेवलेले आहेत. एकापुढे एक जोडले तर लांबी १३ मीटरच्या वर भरते आणि वजन ७ टनांच्या आसपास. सगळ्यात मोठ्या तुकड्यावर अकबराच्या धारमधल्या मुक्कामाची नोंद फारसीत कोरलेली आहे. छिन्नी घ्यायची आणि धातू उकरायचा, ही लोखंडावर लिहिण्याची जुनी रीत. १९५६ साली आयबीएमनं रॅमॅक या यंत्रात जगातली पहिली हार्ड डिस्क बसवली, तेव्हा तिच्या तबकड्यांवर लेप होता तो लोखंडाच्या ऑक्साइडचाच. पण इथे लिहिताना काहीच उकरलं जात नाही. लेपातल्या एका इवल्या भागाच्या चुंबकत्वाची दिशा तेवढी उलटते. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या मिळून त्या यंत्रात ५० लाख अक्षरं मावत. आजच्या मोबाइलमधला एखादा फोटोच तेवढी जागा घेतो.

आता लेप कोबाल्टच्या मिश्रधातूचा असतो. तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे साडेतीन इंची डिस्कमध्ये तिची कड ताशी सुमारे १२५ किलोमीटर वेगानं धावत असते. वाचणारं हेड तिच्यावरून हवेच्या थरावर तरंगतं, तेही अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवरून. आपल्या डोक्यावरच्या एका केसाची जाडी ८० हजार नॅनोमीटरच्या घरात जाते! इतक्या पुसट चुंबकत्वाची चाहूल हेडला लागते कशी? अल्बेर फेर आणि पेटर ग्रुनबर्ग यांनी १९८८ च्या सुमारास स्वतंत्रपणे दाखवून दिलं की धातूंच्या अतिपातळ थरांची चवड रचली, तर जरासं चुंबकत्व बदलताच तिचा विद्युतरोध चांगलाच बदलतो. हा शोध हार्ड डिस्कच्या हेडनं उचलला, आणि दोघांना २००७ चं नोबेल मिळालं. ज्या डब्याला आपण वैतागून टपली मारतो, त्याच्या पोटात हे सगळं चाललेलं असतं.

आता त्या काही सेकंदांकडे वळू. डिस्कवर फायलींचा मजकूर एकीकडे असतो आणि कोणती फाइल कुठे कुठे पसरली आहे याची यादी दुसरीकडे. क्विक फॉर्मॅट यादी नवी, कोरी मांडतं. मजकुराला हातही लावत नाही. ती जागा आता मोकळी समजायची, एवढंच ठरतं. म्हणून डेटा परत काढून देणारे लोक यादीच्या भानगडीत न पडता डिस्कचा कण न् कण वाचत जातात. जेपेग फोटोची सुरुवात नेहमी २५५, २१६, २५५ या आकड्यांनी होते. तो क्रम सापडला की पुसला गेला असं समजलेला लग्नातला एखादा फोटो पुन्हा हाती लागतो. त्या जागेवर नवं काही लिहिलं गेलं, की मात्र जुनं गेलंच. तबकड्यांऐवजी चिपमध्ये साठवणाऱ्या एसएसडीत हा दिलासा बहुधा मिळत नाही. फाइल काढली की सिस्टीम एसएसडीला तसं कळवते आणि ती आपल्या सवडीनं ते कप्पे खरोखर साफ करून टाकते.

विंडोज नव्यानं टाकल्यानं बिघडलेलं सॉफ्टवेअर बरं होतं, झिजलेली तबकडी नाही, हे मात्र पक्कं ध्यानात ठेवावं. खराब झालेले सेक्टर, म्हणजे तबकडीवरचे छोटे कप्पे, डिस्क स्वतःच ओळखते आणि त्यांच्या जागी राखीव सेक्टर वापरू लागते, आपल्याला पत्ताही लागत नाही. राखीव साठाही संपायला लागला, आतून टक्-टक् असा आवाज येऊ लागला, तर फॉर्मॅटचा विचारही करू नये. आधी डेटा उतरवून घ्यावा.

एकाच डिस्कवर सी आणि डी असे दोन भाग का करतात, हे देवासकराला फार समजावावं लागू नये. पवार घराण्याच्या थोरल्या पातीचं आणि धाकट्या पातीचं अशी दोन राज्यं याच एका गावात नांदली. मुख्य रस्त्याच्या एका बाजूला एकाचा अंमल, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचा. १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या तुकोजीरावांकडे सचिव म्हणून आलेला इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर या व्यवस्थेनं चकितच झाला होता. १९४८ मध्ये दोन्ही राज्यं मध्य भारतात विलीन झाली. डिस्कवरही धातू एकच, हेड तेच, आणि हद्द फक्त एका तक्त्यात लिहिलेली. नव्या पद्धतीत त्या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटच्या टोकालाही ठेवतात. म्हणून तर सी पूर्ण पुसून विंडोज टाकता येतं आणि डीमधली एकही फाइल जागची हलत नाही.

सी पुसल्यावर सिस्टीमच उरलेली नसते. मग नवी सिस्टीम चढवतं कोण? वीज मिळताच प्रोसेसर एका ठरलेल्या पत्त्यावर जातो. तिथे मदरबोर्डवरच्या चिपमधला छोटा प्रोग्रॅम त्याची वाट पाहत असतो. तो पेन ड्राइव्ह शोधतो आणि त्यातली एक तात्पुरती, आटोपशीर विंडोज रॅममध्ये उभी करतो. ती डिस्कवर भाग पाडते, फायली उलगडून ठेवते आणि मशीन रीस्टार्ट झालं की स्वतः नाहीशी होते. जुन्या मशीनमध्ये डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर चालू होण्याजोगा आहे की नाही, हे त्याच्या शेवटच्या दोन बाइटांवरून ठरे: ०१०१०१०१ आणि १०१०१०१०. एवढीच खूण, आणि तिच्यावर अख्ख्या यंत्राची भिस्त.

शेवटी एक गोष्ट, जी मध्य प्रदेशात हमखास छळते. नवं विंडोज टाकलं, डी शाबूत आहे, जुने अर्ज नि दाखले जागच्या जागी आहेत, पण उघडले तर नुसती इंग्रजी अक्षरं. ते कृतिदेव या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात. कृतिदेवच्या फाइलमध्ये ‘देवास’ असं कधी साठवलेलंच नसतं. साठवलेले असतात एन, एस, ओ, के, एल, आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. ‘भारत’ म्हणजे एच, के, के, जे, आर. फॉन्ट सीमध्ये होता, तो सीबरोबर गेला. शिवाजी किंवा श्री-लिपीत लिहिलेल्या जुन्या मराठी फायलींचंही हेच होतं. युनिकोडमध्ये मात्र ‘देवास’मधल्या प्रत्येक अक्षराला आणि मात्रेला स्वतःचा आकडा आहे. द, एकाराची मात्रा, व, काना, स असे पाच आकडे, बहुधा १५ बाइटांत, म्हणजे १२० बिटांत साठवलेले. ते कुठल्याही मशीनवर देवनागरीतच उघडतात. म्हणून फॉर्मॅट मारायच्या आधी विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून तो एक फॉन्ट पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. नव्या विंडोजमध्ये तो टाकला की जुने अर्ज पुन्हा वाचता येतील, आणि मग ते सावकाश युनिकोडमध्ये बदलून ठेवता येतील.