परदेशांतील बक्षिसीची रीत

दिवाळीच्या दिवसांत टपालवाला, झाडूवाला, रखवालदार अशी मंडळी दारीं येऊन पोस्त मागतात, आणि घरांतील वडील माणसें ऐपतीप्रमाणें त्यांच्या हातावर कांहीं ठेवितात. देणाऱ्याची खुशी हाच ह्या पोस्तीचा पाया होय. हीच कल्पना मनांत धरून एखादा माजी विद्यार्थी अमेरिकेस शिकावयास गेला, किंवा त्याचे आईबाप चार महिने त्याच्याकडे राहावयास गेले, म्हणजे पहिल्याच जेवणाच्या बिलापाशीं त्यांचा गोंधळ उडतो. म्हणून ह्या विषयावर थोडें लिहिण्याचें आम्ही योजिलें आहे.

अमेरिकेंत उपाहारगृहांतील वेटरला बिलावर शेंकडा १५ ते २० बक्षिसी देण्याची वहिवाट आहे. ४० डॉलरांचें जेवण झालें तर ६ ते ८ डॉलर वर ठेवावयाचे. हा आकडा ऐकून आपल्याकडील पालक विचारतात, "मालक पगार देत नाहीं काय?" प्रश्न अगदीं वाजवी आहे; उत्तर मात्र चमत्कारिक आहे. तेथील संघराज्याच्या कायद्यानें किमान वेतन २००९ पासून ताशीं ७.२५ डॉलर ठरविलें आहे. पण ज्यास बक्षिसी मिळते अशा नोकरास मालकानें ताशीं अवघे २.१३ डॉलर दिले तरी चालतात, आणि हा दुसरा आकडा तर १९९१ पासून तसूभरही हाललेला नाहीं. मधली तूट गिऱ्हाइकानें भरून काढावी अशी ही योजना! बक्षिसी धरूनही ७.२५ डॉलर भरले नाहींत, तर उरलेली रक्कम मालकानें द्यावी असें कायदा म्हणतो. परंतु ती मागावयाची कोणी? ज्याची नोकरी त्याच मालकाच्या हातीं आहे त्यानें. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मिनेसोटा इत्यादि कांहीं राज्यांनीं मालकांस ही सवलत दिलेली नाहीं; तथापि बक्षिसीची वहिवाट तेथेंही आहेच.

ही रीत तेथें कशी रुजली हें पाहण्याजोगें आहे. १८६५ सालीं यादवी युद्ध संपून गुलामगिरी नष्ट झाली. पुढें जॉर्ज पुलमन ह्यांच्या कंपनीनें आगगाडीच्या शयनडब्यांत अंथरुणें घालण्यास, बूट पुसण्यास व सामान उचलण्यास नुकतेच मुक्त झालेले कृष्णवर्णी लोक नेमिले. पगार तुटपुंजा, पोट भरावयाचें तें उतारूंच्या बक्षिसीवर. उतारू त्यांस त्यांच्या नांवानें हांकही मारीत नसत; मालकाच्या नांवावरून सरसकट सर्वांस 'जॉर्ज' म्हणत. १९२५ सालीं ए. फिलिप रँडॉल्फ ह्यांच्या नेतृत्वाखालीं ह्या सेवकांनीं आपला संघ उभारिला, आणि बारा वर्षांच्या झगड्यानंतर १९३७ सालीं कंपनीस त्यांच्याशीं करार करणें भाग पडलें. वॉशिंग्टन राज्यानें १९०९ सालीं बक्षिसीस कायद्यानें बंदी करून पाहिली होती. १९१३ सालीं तो कायदा रद्द झाला. पुढें १९६६ च्या दुरुस्तीनें उपाहारगृहें किमान वेतनाच्या कायद्याखालीं आलीं खरीं, पण बक्षिसी वेतनांत धरण्याची मुभाही मालकांस त्याच वेळीं मिळाली.

आमच्या मतें ही रीत न्यायाची नव्हे. परंतु रीत आवडत नाहीं म्हणून कांहीं न ठेवितां पाहुणा उठून गेला, तर मालकाचें कांहींच बिघडत नाहीं. नुकसान होतें तें वाढणाऱ्या मुलीचें, आणि ती पुष्कळदां शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठीं राबणारी विद्यार्थिनीच असते. आपणच उभे राहून चहाचा पेला उचलावयाचा, अशा दुकानांत मात्र यंत्राच्या पडद्यावर १८, २०, २५ असे आकडे झळकले तरी भिण्याचें कारण नाहीं. तेथें देणें खरोखरच ऐच्छिक आहे.

जपानांतील चाल ह्याच्या अगदीं उलट. तेथें जेवणाच्या किंमतींत सेवेचें मोल आलेंच असें समजतात. मेजावर चार नाणीं ठेवून कोणी निघाला, तर गिऱ्हाईक पैसे विसरलें असें वाटून वाढणारा रस्त्यापर्यंत धांवत येऊन तीं परत करील. आग्रह केल्यास बिचारा संकोचून जाईल. निघतांना 'गोचिसोसामा देश्ता' असें म्हणून जेवणाबद्दल आभार मानले म्हणजे पुरे. 'रयोकान' नांवाच्या जुन्या धाटणीच्या पथिकगृहांत सेवा करणाऱ्या बाईस कधीं कधीं भेट देतात. परंतु ती उघड्या नोटांची नव्हे, तर आपल्याकडील आहेराप्रमाणें लहान पाकिटांत घालून.

फ्रान्समध्यें सेवेचा आकार किंमतींतच धरलेला असतो. वर थोडीं नाणीं ठेविलीं तर ती खुशी. बक्षिसीस फ्रेंच भाषेंत 'पूरब्वार' व जर्मन भाषेंत 'ट्रिंकगेल्ट' म्हणतात. दोहोंचा अर्थ पिण्यासाठीं दिलेले पैसे, म्हणजे आपलें 'चहापाणी'च! (कचेऱ्यांत ह्या शब्दास जो दुसरा अर्थ चिकटला आहे तो येथें घ्यावयाचा नाहीं.) इंग्लंडांत पुष्कळ ठिकाणीं बिलांतच शेंकडा १२.५ सेवाआकार लाविलेला असतो. तो पाहून घ्यावा, नाहींतर एकाच सेवेचे पैसे दोनदां जातात. हा आकार पूर्वी कित्येक मालक स्वतःच ठेवून घेत. त्याबद्दल ओरड झाल्यावर पार्लमेंटनें २०२३ सालीं कायदा केला, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून ही सर्व रक्कम नोकरांस वांटून देणें मालकांवर बंधनकारक झालें आहे.

राहतां राहिली हॉटेलांत खोली आवरणारी बाई. अमेरिकेंत तिच्याकरितां दिवसास २ ते ५ डॉलर ठेवितात. ते निघण्याच्या दिवशीं एकदम न ठेवितां रोज सकाळीं ठेवावे, व सोबत आभाराची दोन शब्दांची चिठ्ठी असावी. कारण काल आलेली बाई आज येईलच असें नाहीं, आणि चिठ्ठी नसेल तर पाहुणा पैसे विसरला असें समजून ती त्यांस हातही लावीत नाहीं.