वाढत्या चेहऱ्यात स्थिर काय?

भोपाळच्या नेहरू नगरात भारतीय वन व्यवस्थापन संस्था आहे. जंगल मोजणारे लोक झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर घेतात आणि काही वर्षांनी पुन्हा तिथेच टेप लावतात. झाड कितीही उंच झालं तरी खोडावरची ती जागा वर सरकत नाही, त्यामुळे दोन मापांतला फरक ही निखळ वाढ असते. याच वस्तीतल्या सात वर्षांच्या मुलाचा चेहरा मोजायला घ्या. टेप टेकवायला अशी जागाच सापडत नाही. नाक, गाल, दात, हनुवटी सगळंच सरकत असतं, आणि तेही वेगवेगळ्या गतीनं.

मेंदूची कवटी सहा-सात वर्षांत जवळजवळ पूर्ण आकाराला येते. चेहरा मागे राहतो, खालचा जबडा तर वयात येताना झेप घेतो. १९३१ मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांनी डोकं ठरावीक स्थितीत धरून कडेनं एक्स-रे काढण्याची पद्धत मांडली. एकाच मुलाचे वेगवेगळ्या वयातले असे एक्स-रे कवटीच्या तळाच्या पुढच्या भागावर जुळवून एकमेकांवर ठेवले, की चेहरा खाली आणि पुढे येताना दिसतो. डेन्मार्कच्या ब्यॉर्क यांनी पुढचं पाऊल टाकलं. मुलांच्या जबड्यांत त्यांनी धातूच्या बारीक खुणा बसवल्या. तेव्हा कळलं, की जबडा वाढता वाढता आतल्या आत फिरतोही. बाहेरून हाड झिजतं आणि भरतं, त्यामुळे हे फिरणं झाकलं जातं. मला हा शोध फार मोठा वाटतो, कारण बाहेरच्या कडा मोजून तो कधीच हाती लागला नसता.

एक्स-रे मात्र सपाट, आणि त्यात किरणोत्सर्गही आला. आता अनेक कॅमेरे एकाच क्षणी फोटो घेतात आणि त्यांतून गालाच्या फुगवट्यासकट चेहऱ्याचा त्रिमितीय पृष्ठभाग तयार होतो. ओठ जरा उघडे राहिले किंवा मूल हसलं, तरी माप बिघडतं. तोंडात फिरवायचा छोटा स्कॅनर दातांचा आकार टिपतो. मापाच्या लगद्यानं उबळ येणाऱ्या मुलांची त्यातून सुटका होते. दोन स्कॅन जुळवायला टाळूवरच्या आडव्या वळ्या कामी येतात. त्यांतल्या तिसऱ्या जोडीची आतली टोकं बरीचशी स्थिर राहतात.

अशा मापनातून पालकांना चकित करणाऱ्या गोष्टी दिसतात. दुधाच्या दाढा त्यांच्या जागी येणाऱ्या उपदाढांपेक्षा रुंद असतात. उरलेल्या जागेत पहिली कायमची दाढ पुढे सरकते, म्हणून खालच्या दंतपंक्तीची लांबी मूल मोठं होताना कमी होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या वरच्या पुढच्या दातांतली फट पाहून घाबरणाऱ्या आयांनी हेही जाणावं, की सुळे उतरताना ती बऱ्याचदा आपोआप मिटते.

एका स्कॅनवरून वाढ कळत नाही. बदलीच्या नोकरीतल्या घरांत मुलाचा दंतवैद्यही बदलतो. म्हणून स्कॅन झाला, की त्याची एसटीएल फाइल, म्हणजे दातांचा त्रिमितीय आकार साठवणारी फाइल, मागून घ्यावी आणि तिच्या नावात तारीख घालून जपून ठेवावी. पुढच्या गावचा डॉक्टर नवा स्कॅन तिच्यावर जुळवून पाहू शकेल.