तीन बोरघाट, एकावर एक

पनवेलला उरण नाक्याच्या बाजूला सायकल दुरुस्तीचं एक जुनं दुकान आहे. जुलै महिन्यात तिथे संध्याकाळी सहानंतर माणसं जमू लागतात आणि त्यातल्या निम्म्या लोकांच्या सायकलींना काहीही झालेलं नसतं. ही माणसं टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत बघायला येतात. हे कानावर आलं तेव्हाच तिथे जायचं ठरवलं. क्रिकेटचा सामना चालू असताना टीव्हीच्या दुकानाबाहेर जमणारी गर्दी आपल्या ओळखीची आहे. पण चार-चार तास सायकली चाललेल्या बघायला भर पावसात कोण येतं, आणि त्यात नेमकं काय बघतं, हा प्रश्न डोक्यातून जाईना.

मी गेलो तो दिवस 22 जुलै 2025, मंगळवार. शर्यतीचा सोळावा टप्पा. मोंपेलिए शहरातून निघून 171.5 किलोमीटरनंतर माँ व्हाँतू या डोंगराच्या माथ्यावर संपणारा. दुकानाच्या पत्र्यावर पाऊस नुसता वाजत होता. पुढे ताडपत्री, आत रबर सोल्युशनचा तो डोक्यात जाणारा वास, भिंतीला टांगलेले टायर, आणि खोक्यावर ठेवलेला कॉम्प्युटरचा जुना पडदा, मोबाइलला जोडलेला. समोर सात-आठ जण. खोपोलीपर्यंत सायकल मारून येणारा कॉलेजचा मुलगा, 200 किलोमीटरच्या, बीआरएम नावाच्या लांब पल्ल्याच्या राइड पूर्ण केलेल्या बँकेतल्या मॅडम, एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात. आणि दुकानाचे मालक काका. काका एकटेच काम करत होते.

ते एका चाकाचा आउट काढत होते. चाक फिरवायचं, रिम कुठे घासते ते कानाने टिपायचं, तिथल्या तारेला चावीचा पाव फेरा द्यायचा, पुन्हा चाक फिरवायचं. हात चाकावर, नजर पडद्यावर. सर्र सर्र असा आवाज सारखा चालू होता. माझ्या सगळ्या संध्याकाळचं घड्याळ तोच आवाज होता, कारण तो अधूनमधून थांबायचा. आणि तो थांबला की काही क्षणांत पडद्यावर कुणीतरी हल्ला चढवायचा.

माँ व्हाँतूचा चढ 15.7 किलोमीटरचा. सरासरी 8.8 टक्के, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की पावणेनऊ मीटर वर. हे आकडे त्या कॉलेजच्या मुलाने मला पाठ म्हणून दाखवले. काकांनी चाकावरून हात न काढता त्याचा हिशेब सांगितला, "खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत आपण चढतो किती? पाचशे मीटरच्या आसपास. तिथे जवळजवळ चौदाशे. तीन बोरघाट धरा. एकावर एक." मॅडमनी मान डोलावली. अण्णांनी तेच शब्द हळूच पुन्हा उच्चारले. तीन बोरघाट.

या एका हिशेबाने बघण्याची रीतच बदलते. सपाटीवर पुढच्याच्या आडोशाला राहिलं की मागच्याची कितीतरी ताकद वाचते. म्हणून शंभर-दीडशे सायकली एका घोळक्यात 45च्या वेगाने जाऊ शकतात आणि दमलेला माणूसही त्यात लपून राहतो. चढावर वेग पडतो. त्या दिवशी सगळ्यांत जलद चढणाऱ्यांचाही वेग तासाला 17 किलोमीटरच्या आसपास होता. एवढ्या वेगाला आडोशाचा उपयोग थोडाच. ज्याच्या पायात जेवढं आहे तेवढंच रस्त्यावर दिसतं. अण्णांनी हे त्यांच्या भाषेत सांगितलं: "प्लेन रोडला कुठली पण गाडी पळते हो. इंजिन कळतं ते घाटात."

मग मी पडद्याऐवजी बघणाऱ्यांकडे बघायला लागलो. ही माणसं चेहऱ्याकडे पहिल्यांदा बघत नाहीत. खांदे बघतात, हलायला लागले का. शर्टाची चेन किती खाली आली, बाटली घेताना हात चुकतो का, बरोबरचे किती साथीदार उरले, हे मोजतात. मोटारसायकलवरून दाखवलेला सेकंदांचा फरक आधीच्या फरकाशी ताडून बघतात. कॉमेंट्री इंग्रजीत होती आणि निम्म्या वेळेला पावसाच्या आवाजात ऐकूच येत नव्हती. कुणाचं काही अडलं नाही.

शर्यत दोन ठिकाणी चालली होती. पुढे टप्पा जिंकायला निघालेले काही जण, त्यात आयर्लंडचा बेन हिली, फ्रान्सचा वालांतँ पारे-पँत्र आणि बराच वेळ एकट्याने आघाडीवर राहिलेला स्पेनचा एन्रिक मास. मागे खरे दावेदार, एकूण वेळेत पहिला म्हणून पिवळ्या जर्सीत असलेला तादेय पोगाचार आणि त्याच्याहून 4 मिनिटं 13 सेकंदांनी मागे असलेला योनास विंगेगोर. विंगेगोरला एकच मार्ग होता, डोंगरावर पोगाचारला मागे सोडायचं.

काकांचं चाक थांबलं. विंगेगोर उठला आणि सुटला. पोगाचार त्याच्या मागच्या चाकाला चिकटूनच. सर्र सर्र पुन्हा सुरू. थोड्या वेळाने पुन्हा चाक थांबलं, पुन्हा तेच. तुम्हाला आधी कसं कळतं, असं शेवटी विचारलंच. काका म्हणाले, "उडी मारणारा आधी गप्प होतो. अंग हलायचं थांबतं. एकदा मागे बघतो, गिअर टाकतो. चोर पण चोरी करायच्या आधी असाच गप्प होतो." पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या सायकलींवर बसलेली माणसं बघून आलेली ही नजर आहे. ती कुठल्या चॅनेलवर विकत मिळत नाही.

माथ्याजवळचे शेवटचे सहा किलोमीटर उघडेबोडके आहेत. झाड नाही, सावली नाही, नुसता पांढरा चुनखडीचा दगड. पडद्यावर तो भाग आला तेव्हा मॅडमनी सिम्पसनचं नाव काढलं. टॉम सिम्पसन, ब्रिटनचा सायकलपटू. 13 जुलै 1967 रोजी याच चढावरच्या दगडांमध्ये, भर उन्हात, माथा जेमतेम दीड किलोमीटरवर असताना कोसळला आणि मेला. त्याच्या अंगात उत्तेजक द्रव्य सापडलं होतं. तिथे त्याचं स्मारक आहे. उत्तेजकांचा विषय निघाल्यावर लान्स आर्मस्ट्राँगही निघाला, ज्याची सातही विजेतेपदं 2012 मध्ये काढून घेतली गेली. मला वाटलं होतं काका हा विषय टाळतील. ते म्हणाले, "फसवलं त्यानं. त्या वर्षांत बघितलेलं सगळं वाया गेलं असं वाटलं. पण घाट खोटा नव्हता ना." या वाक्यावर मी नंतर बराच विचार केला. माणसं लबाडी करतात, डोंगराची उंची बदलत नाही. बघणारा त्या उंचीवर विश्वास ठेवून पुन्हा येतो.

रात्री आठच्या सुमारास शेवट आला. हिली आणि पारे-पँत्र एकमेकांना सोडत नव्हते. मागे पडलेला पारे-पँत्रचा साथीदार इलान व्हान विल्डर कुठून बळ आणून परत येऊन मिळाला आणि त्याच्यासाठी पुढे ओढायला लागला, तेव्हा अख्खं दुकान उभं राहिलं. हिलीने धाव घेतली. अगदी शेवटच्या काही मीटरमध्ये पारे-पँत्रने त्याला गाठून मागे टाकलं. त्या वर्षीच्या टूरमध्ये फ्रान्सच्या खेळाडूने जिंकलेला तो पहिला टप्पा. ज्या फ्रान्सशी इथल्या कुणाचा काही संबंध नाही, त्याच्यासाठी पनवेलच्या ताडपत्रीखाली टाळ्या पडल्या. मागून पोगाचार आणि विंगेगोर आले. त्या सगळ्या हल्ल्यांनंतर दोघांमधला फरक किती बदलला? दोन सेकंद, तेही पोगाचारच्या बाजूने. "तीन बोरघाट चढून दोन सेकंद," कॉलेजचा मुलगा म्हणाला. कुणी हसलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी याच मंडळींतले दोघे सायकलने घाट चढणार होते. मीही गेलो, अण्णांच्या स्कूटरवर मागे बसून. पहाटे पाचला पनवेल सोडलं. पळस्पे फाटा, शेडुंग, चौक, खालापूर. रस्ता ओला, बंदराकडचे कंटेनर अंगावरून जाणारे, कडेला खड्डे. सायकलवाल्याला या रस्त्यावर हक्काची वीतभर जागा नाही. एक्सप्रेस-वेवर त्यांना मुळातच बंदी आहे. इथे बंदी नाही, पण विचारतंही कुणी नाही. घाटातल्या वळणांपेक्षा मला ट्रकांचीच भीती जास्त वाटली.

खोपोली सोडली की चढ अंगावर येतो. मुलगा आणि मॅडम पुढे गेले. आम्ही त्यांना वाटेत मागे टाकून शिंगरोबाच्या देवळापाशी थांबलो. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं हे देऊळ म्हणून सांगतात. येणारेजाणारे गाडीवाले आजही इथे नाणं टाकतात. अण्णांनी टाकलं. मग ते रस्त्याच्या कडेला, पावसात, हातात घड्याळ धरून उभे राहिले. खालून आधी ट्रकांच्या लायनरचा जळका वास आला, मग वळणावर मुलगा दिसला. उभ्याने पेडल मारत होता, तोंड उघडं, खांदे हलायला लागलेले. अण्णा ओरडले, "बस खाली! बस! श्वास घे! मोठा गिअर नको!" मुलगा सीटवर बसला. खांदे स्थिर झाले. तो पुढच्या वळणाआड गेला तेव्हा त्याची चाल खरोखर सुधारली होती.

अण्णा म्हणाले, मुंबई-पुणे सायकल शर्यत या घाटातून जायची तेव्हा एसटी बाजूला घेऊन ते बघत उभे राहायचे. ही शर्यत अनेक दशकं या रस्त्यावरून गेली आहे. त्यात घाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला वेगळं बक्षीस आणि 'घाटाचा राजा' हा किताब. पुण्यात पहिला कोण आला हे विसरणाऱ्यांनाही घाटाचा राजा कोण झाला ते आठवायचं. टूरमध्ये डोंगरांच्या राजाचा मान 1933 पासून दिला जातो आणि लाल ठिपक्यांची जर्सी 1975 पासून. त्या ठिपक्यांचे टी-शर्ट घातलेली हजारो माणसं तिथे रस्त्याकडेला मुक्कामाला येतात. तिकीट लागत नाही. कधी ही गर्दी अंगावरही येते. 2016 मध्ये याच व्हाँतूवर गर्दीने रस्ता अडला, मोटारसायकल थांबली, तिच्यावर खेळाडू आदळले आणि पिवळ्या जर्सीतला ख्रिस फ्रूम सायकलवाचून चढावर पळत सुटला. तरीही त्या गर्दीशिवाय तो डोंगर म्हणजे नुसता दगड.

माझं मत आता पक्कं झालं आहे. घाटाची शर्यत निम्मी सायकलवरचा माणूस लढवतो आणि निम्मी कडेला उभा असलेला. आपल्याकडे चढणारे आहेत, घाटही आहे. कडेला उभं राहणारे कमी झाले आहेत. जानेवारी 2026 मध्ये पुणे जिल्ह्यात 437 किलोमीटरची, परदेशी संघांची पुणे ग्रँड टूर झाली. त्यासाठी रस्ते नीट झाले, म्हणजे मनात आणलं तर होतात. मग पनवेल ते खोपोली या रस्त्याच्या कडेला सायकलसाठी सलग, खड्ड्याविना पट्टा का होऊ नये? पनवेलला 2016 पासून महापालिका आहे. निदान तिच्या हद्दीपुरती मागणी करायला पत्ता आहे.

आणि तोवर आपल्या हातात असलेली एक गोष्ट आहे. पुढच्या वेळी घाटातून सायकलची शर्यत जाणार असल्याचं कळलं तर घरात बसू नका. मुलांना घेऊन खोपोलीच्या पुढे जा, रस्ता मोकळा ठेवून कडेला उभे राहा, आणि पहिल्याइतकंच शेवटून पहिल्यालाही ओरडून सांगा, चल, थोडंच राहिलंय.